व्हिकर जेव्हा खुनी शोधतो : अँग्लिकन पाद्र्यांच्या रहस्यकथा

माळरान

इंग्रजी रहस्यकथांत एक वेगळं घराणं आहे. तिथे खुनाचा छडा पोलीस लावत नाही आणि खाजगी डिटेक्टिव्हही लावत नाही. लावतो तो गावचा व्हिकर, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री. चेस्टरटनचा फादर ब्राऊन आपल्याकडे बऱ्याच जणांनी वाचलेला असतो, पण तो रोमन कॅथलिक, त्यामुळे त्याला ह्या धाग्यात बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, मंडळींबद्दल. हे लोक संसार करतात, चर्चच्या गळक्या छपरासाठी वर्गण्या गोळा करतात, आणि तेच करता करता एखाद्या प्रेतापाशी येऊन पोचतात.

सध्या मी जेम्स रन्सीच्या सिडनी चेंबर्सच्या कथा पुन्हा वाचतेय. पहिलं पुस्तक २०१२ चं, सहावं २०१७ चं, आणि २०१९ मध्ये सिडनीच्या तरुणपणावरचं आणखी एक. गाव ग्रँटचेस्टर, केंब्रिजला अगदी लागून. काळ १९५३ पासून १९७८ पर्यंतचा. सिडनी महायुद्धात स्कॉट्स गार्ड्समधून लढून आलाय, जॅझचा वेडा आहे, आणि दर गुरुवारी ईगल नावाच्या पबमध्ये इन्स्पेक्टर जॉर्डी कीटिंगबरोबर बॅकगॅमन खेळतो.

पहिल्याच कथेची सुरुवात बघा. स्टीफन स्टॉन्टन नावाच्या वकिलाने आत्महत्या केलीय असं सगळे धरून चालले आहेत. सिडनी त्याचा अंत्यविधी उरकतो. नंतर पामेला मॉर्टन नावाची बाई त्याला गाठते आणि सांगते, ही आत्महत्या नाही, खून आहे. मग पोलिसांकडे का जात नाही? कारण ती विवाहित आहे आणि मेलेल्या माणसाशी तिचं प्रकरण होतं. पोलिसांत गेली तर सगळं चव्हाट्यावर येणार. पाद्र्याला मात्र सांगता येतं. आणि पाद्री कुणाच्याही घरी चहाला जाऊन बसू शकतो, विधवेला चार प्रश्न विचारू शकतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

ह्यामागे पॅरिशची व्यवस्था आहे. इंग्लंडची सगळी जमीन पॅरिशमध्ये वाटलेली आहे आणि त्या हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस तिथल्या व्हिकरची जबाबदारी असतो, मग तो चर्चची पायरी चढो वा न चढो. जमीनदार, माळी, पबवाला, देवाला न मानणारा मास्तर, सगळेच. त्यामुळे संशयितांची अख्खी यादी आधीपासूनच त्याच्या ओळखीची असते. बाप्तिस्मे, लग्नं आणि मर्तिकं ह्यांची नोंदवही ठेवायची पद्धत तर १५३८ पासूनची. कोण कुणाचा मुलगा आणि कुणाचं लग्न नेमकं कधी लागलं, हे त्याच्या कपाटात बंद असतं.

पण मला ह्या कथा आवडतात त्याचं खरं कारण वेगळं आहे. खुनी सापडला की पोलिसाचं काम संपतं, व्हिकरचं तिथे सुरू होतं. मेलेल्याला त्यानेच मूठमाती दिलेली असते. आता खुन्याच्या आईकडेही त्यालाच जायचं असतं, कारण तीही त्याच्याच पॅरिशमधली. शिवाय १९५३ सालच्या ब्रिटनमध्ये खुनाची शिक्षा म्हणजे फाशी. तिथल्या शेवटच्या फाशी १३ ऑगस्ट १९६४ ला झाल्या. म्हणजे सिडनी जेव्हा एखाद्याचं नाव इन्स्पेक्टरच्या कानावर घालतो, तेव्हा तो त्या माणसाला वधस्तंभाच्या वाटेला लावत असतो, आणि त्या वाटेवर शेवटपर्यंत सोबत चालणारा तुरुंगातला चॅप्लेन हाही त्याच्यासारखाच एक पाद्री. क्षमेची शिकवण देणाऱ्या माणसाने हे काम करावं का? ह्या प्रश्नासाठी मी ही पुस्तकं वाचते. कोडं त्यामानाने दुय्यम.

रन्सीला हे जग बाहेरून बघावं लागलेलं नाही. त्याचे वडील रॉबर्ट रन्सी १९८० ते १९९१ कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे सर्वोच्च धर्मगुरू होते. तेही स्कॉट्स गार्ड्समध्येच होते आणि युद्धातल्या पराक्रमासाठी त्यांना मिलिटरी क्रॉस मिळालेला. सिडनीच्या घडणीत वडिलांचा मोठा अंश आहे.

तुम्ही ह्या प्रकारातलं काय वाचलंय? लिहा. फक्त खुनी कोण ते कुणीच सांगू नका.

हिरवा_कंदील

वाचनखूण साठवली. मी फक्त ग्रँटचेस्टर ही मालिका पाहिलीय, जेम्स नॉर्टनवाली. पुस्तकं त्याहून वेगळी आहेत का?

माळरान

@हिरवा_कंदील, बरीच वेगळी. मालिका २०१४ ला सुरू झाली आणि तिने सिडनी आणि त्याची मैत्रीण अमांडा ह्यांच्या प्रेमप्रकरणाला पुष्कळ जागा दिली. पुस्तकात सिडनीचं मन गुंतत जातं ते हिल्डेगार्डमध्ये, म्हणजे पहिल्या कथेतल्या त्या वकिलाच्या जर्मन विधवेत. युद्ध संपून आठ वर्षं झालेली, आणि जर्मनांविरुद्ध लढलेला इंग्लिश पाद्री एका जर्मन पियानोवादक बाईच्या प्रेमात पडतो. गाव काय म्हणेल, हा ताण पुस्तकांत छान मुरलाय. पुस्तकातला सिडनी जास्त शांत आणि जास्त विचारी आहे. कथाही लांब नाहीत, एकेका पुस्तकात पाच-सहा. लेब्राडॉर कुत्रा डिकन्स आणि सिडनीचं घर सांभाळणारी कजाग मिसेस मॅग्वायर दोन्हीकडे आहेत.

मालिकेत नॉर्टननंतर टॉम ब्रिटनी आला आणि २०२४ मध्ये ऋषी नायर हा भारतीय वंशाचा नट अल्फी कोटरम नावाचा व्हिकर म्हणून आला. पुस्तकांत ही पात्रं नाहीत.

टिपकागद

उत्तम धागा. थोडा इतिहास जोडतो, कारण ही परंपरा टीव्हीच्या फार आधीची आहे.

कॅनन (ही चर्चमधली मानाची पदवी) व्हिक्टर व्हाइटचर्च हे स्वतः अँग्लिकन पाद्री. १९२७ साली त्यांनी डायनाज पूलवरच्या गुन्ह्याची कादंबरी लिहिली. गार्डन पार्टीच्या दिवशी यजमानाचं प्रेत तळ्यात सापडतं आणि वेस्टरहॅम नावाचा व्हिकर तपासात लक्ष घालतो. व्हाइटचर्चना पाद्र्याचं रोजचं आयुष्य तळहातासारखं माहीत होतं, त्यामुळे वेस्टरहॅम कुठेच खोटा वाटत नाही. डिटेक्शन क्लब ह्या रहस्यकथाकारांच्या मंडळातल्या लेखकांनी मिळून १९३१ मध्ये एक कादंबरी लिहिली, एकाने एक प्रकरण अशी. तिचं पहिलं प्रकरण ह्याच व्हाइटचर्चचं, आणि प्रस्तावनेचं प्रकरण चेस्टरटनचं. १९३३ मध्ये ते वारले, त्यामुळे पुस्तकं आता स्वामित्वहक्कातून मोकळी आहेत.

दुसरे रोनाल्ड नॉक्स. मँचेस्टरच्या अँग्लिकन बिशपचा मुलगा. १९१२ मध्ये स्वतः अँग्लिकन पाद्री झाला आणि १९१७ मध्ये कॅथलिक झाला. रहस्यकथेचे दहा नियम त्याने १९२९ मध्ये मांडले, ते आजही लोक सांगतात. भुताखेतांना मज्जाव, गुप्त वाट एकाहून जास्त नको, डिटेक्टिव्हनेच खून केलेला चालणार नाही, वगैरे.

आणि अगाथा ख्रिस्तीची १९३० ची द मर्डर ॲट द व्हिकरेज विसरून कसं चालेल? मिस मार्पलची ही पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव होतं, पण कथा सांगतो तो व्हिकर लेनर्ड क्लेमेंट. अगदी सुरुवातीला जेवणाच्या टेबलावर मांस कापता कापता तोच म्हणून जातो की कर्नल प्रोथेरोला कुणी मारलं तर जगावर उपकारच होतील. आणि मग प्रोथेरोचं प्रेत सापडतं ते व्हिकरच्याच अभ्यासिकेत, त्याच्याच लिहायच्या टेबलावर. शेजारी घड्याळ आडवं पडलेलं, सहा बावीसला थांबलेलं. आता गंमत अशी, की हे घड्याळ घरात मुद्दाम पाव तास पुढे ठेवलेलं असतं, व्हिकरला वेळ पाळता यावी म्हणून. घरच्यांना हे ठाऊक, इन्स्पेक्टरला नाही. व्हिकर सांगायला जातो तर इन्स्पेक्टर त्याला बोलूच देत नाही. एका पाद्र्याच्या घरातली साधी सवय ख्रिस्तीने पुराव्याच्या मधोमध नेऊन ठेवलीय.

शोध मार्पलबाई लावतात हे खरं. पण सगळं गाव ज्याच्यापाशी येऊन बोलतं तो कान व्हिकरचा आहे.

कोकणकडा

माझा एक आक्षेप आहे, आणि तो मी नीट मांडतो.

ह्या प्रकारातली पुष्कळ पुस्तकं मी वाचलीत. चर्च म्हणजे त्यांतल्या बहुतेकांना निव्वळ नेपथ्य. घंटाघर, तळघर, फुलांची सजावट कुणी करायची ह्यावरून बायकांची भांडणं, केक, पाऊस. ह्यात देव कुठे आहे? व्हिकर काढून तिथे पोस्टमास्तर आणला तर काय बिघडेल? एक अमेरिकेत जन्मलेली लेखिका आहे, जी. एम. मॅलिएट. तिचा मॅक्स ट्यूडर हा आधी गुप्तहेर खात्यात होता, मग नेदर मंकस्लिप गावचा व्हिकर झाला. म्हणजे तपास करता यावा म्हणून त्याला आधीचा वेगळा धंदा द्यावा लागला. पाद्रीपण पुरलं नाही.

दुसरं असं, की ही पुस्तकं ज्या इंग्लंडबद्दल हळवी होतात ते आता जवळपास उरलेलं नाही. आज खेड्यातल्या एकेका व्हिकरकडे पाच-सहा चर्चेस असतात, आणि रविवारी बाकांवर मोजकी म्हातारी माणसं. गावातल्या प्रत्येक घरात ज्याचं येणंजाणं आहे असा व्हिकर आता पुस्तकातच भेटतो. मग प्रश्न पडतो की वाचक गुन्ह्यासाठी वाचतोय की हरवलेल्या गावासाठी?

पिंपळपान

@कोकणकडा, मॅलिएटबद्दल तुमच्याशी सहमत. पण "देव कुठे आहे" ह्याचं उत्तर फिल रिकमनच्या मेरिली वॉटकिन्सकडे आहे. माझ्या मते ह्या सबंध घराण्यातली ती सर्वात जिवंत व्यक्तिरेखा.

मेरिली ही विधवा. पदरी जेन नावाची वयात आलेली, आईच्या धर्माची अजिबात पत्रास न ठेवणारी मुलगी. मेरिली सिगरेट ओढते. हेरफर्डशायरमधल्या लेडवर्डीन ह्या सफरचंदांच्या बागांच्या गावात व्हिकर म्हणून येते. पहिली कादंबरी १९९८ ची. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथल्या एका पाद्र्यावर चेटकाचा आरोप आला होता, आणि त्याच्यावरचं नाटक चर्चमध्ये करायचं की नाही ह्यावरून गाव दुभंगतं. नवी व्हिकर, तीही बाई, आणि पहिल्याच महिन्यात हा निखारा तिच्या हातावर.

त्या काळाचा संदर्भ लक्षात घ्या. बायकांना पुरोहितपद द्यायचं की नाही ह्यावर चर्च ऑफ इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं भांडण चाललं. ११ नोव्हेंबर १९९२ ला मतदान होऊन ठराव थोडक्यात पास झाला आणि १२ मार्च १९९४ ला ब्रिस्टल कॅथीड्रलमध्ये पहिल्या ३२ बायकांना दीक्षा मिळाली. म्हणजे मेरिली आली तेव्हा जेमतेम चार वर्षं झालेली. तिच्या हातून प्रभुभोजन घ्यायलाच तयार नसलेली माणसं तिच्या आजूबाजूला आहेत. खुनाच्या चौकशीत तिला कोण काय सांगतं आणि काय दडवतं, ह्याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. तिच्याजागी पोस्टमास्तर चालणार नाही.

दुसऱ्या कादंबरीपासून बिशप तिला धर्मप्रांताच्या, म्हणजे त्याच्या हद्दीतल्या सगळ्या पॅरिशच्या, 'डिलिव्हरन्स'चं काम देतो. म्हणजे घरात काहीतरी वावरतंय, अंगात काहीतरी आलंय, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना भेटणं. हे लेखकाच्या कल्पनेतलं नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक धर्मप्रांतात असं काम नेमून दिलेलं असतं, १९७५ पासून त्याचे नियम ठरलेले आहेत. बिशपच्या परवानगीशिवाय काही करायचं नाही, डॉक्टरांना सोबत घ्यायचं, गाजावाजा करायचा नाही. रिकमन हे सगळं बारकाईने दाखवतो. मेरिली एखाद्या घरात जाते तेव्हा समोरची बाई आजारी आहे, खोटं बोलतेय की खरंच काही आहे, हे तिला कळत नाही. ती प्रार्थना करते आणि ती प्रार्थना पोचतेय का ह्याचीही तिला खात्री नसते. टिपकागद म्हणाले तो नॉक्सचा नियम, भुताखेतांना मज्जाव. रिकमन त्या नियमाच्या उंबरठ्यावर उभा राहून लिहितो. भूत आहे की नाही ते शेवटपर्यंत ठरत नाही, खून मात्र माणसंच करतात.

रिकमन २०२४ मध्ये गेला. मला फार वाईट वाटलं.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये राहतो, गावाकडच्या भागात. धर्माने हिंदू, पण गावातल्या चर्चच्या सभागृहात आमचे कार्यक्रम होतात, त्यामुळे व्हिकरशी चांगली ओळख आहे. कोकणकडा ह्यांचं पाच-सहा चर्चेसबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, आमच्या व्हिकरबाई रविवारी सकाळभर गाडीतच असतात. पण गावात कुणी गेलं की पहिला फोन अजूनही त्यांनाच जातो, घरचे चर्चला जाणारे असोत वा नसोत.

मला रिचर्ड कोल्सबद्दल लिहायचंय. ऐंशीच्या दशकात तो द कम्युनार्ड्स ह्या बँडमध्ये होता, १९८६ मध्ये त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे तो पाद्री झाला, २००५ मध्ये दीक्षा घेतली आणि नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या फिनेडनला बरीच वर्षं व्हिकर होता. २०२२ मध्ये त्याची पहिली रहस्यकथा आली, मर्डर बिफोर इव्हन्सॉन्ग. साल १९८८, गाव चॅम्पटन, रेक्टर, म्हणजे व्हिकरसारखाच गावचा पाद्री, कॅनन डॅनियल क्लेमेंट. घरात आई ऑड्री आणि कॉस्मो व हिल्डा ही दोन डॅक्सहुंड कुत्री.

तर कथेची ठिणगी कशातून पडते? डॅनियल जाहीर करतो की चर्चमध्ये संडास बांधायचा. म्हाताऱ्या माणसांची दोन तासांच्या कार्यक्रमात अडचण होते, एवढं साधं कारण. पण त्यासाठी मागचे काही जुने बाक काढावे लागणार, आणि गावात उभी फूट पडते. बाहेरच्या माणसाला ही अतिशयोक्ती वाटेल. अजिबात नाही. इथे चर्चमधला बाक हलवायचा, दिवे बदलायचे, नळ टाकायचा, तर आधी 'फॅकल्टी' म्हणजे लेखी परवानगी लागते, आणि ती धर्मप्रांताचं स्वतःचं न्यायालय देतं. सूचना दारावर लावतात, लोक हरकती नोंदवतात, जुन्या वास्तूंचे रक्षक पत्रं लिहितात. आमच्याकडे साध्या स्वयंपाकाच्या ओट्यावरून दोन घरांत अबोला झालेला मी पाहिलाय. ज्या बाकावर आजोबा बसले, त्याला कुणी हात लावायचा नाही, ही भावना खरी असते. कोल्सने हे आतून भोगलेलं आहे, ते पानापानावर जाणवतं.

ह्या भांडणात चर्चमध्येच अँथनी बोनेस नावाच्या माणसाचा खून होतो. झाडं छाटायची कात्री मानेत खुपसलेली. मेलेला माणूस हा गावच्या लॉर्डचा, बर्नार्ड द फ्लूर्सचा नातेवाईक. आणि इथे एक बारीक पेच आहे. इंग्लंडमध्ये कित्येक जुन्या पॅरिशमध्ये रेक्टर कोण नेमायचा हे सुचवायचा हक्क एखाद्या जमीनदार घराण्याकडे वंशपरंपरेने असतो. चॅम्पटनमध्ये तो ह्या लॉर्डकडे आहे. म्हणजे ज्याने आपल्याला ह्या जागी आणलं, त्याच्याच वाड्यात डॅनियलला संशयाची नजर फिरवायची आहे.

कोकणकडा, तुमचा प्रश्न देवाबद्दल होता. कोल्सच्या पुस्तकात दिवसाचे तास प्रार्थनांनी मोजलेत. सकाळची प्रार्थना, संध्याकाळची प्रार्थना, मग कुणी चर्चमध्ये असो नसो. प्रेत सापडलेल्या जागीच दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रार्थना कशी करायची, हा डॅनियलपुढचा खरा प्रश्न आहे.

सातवा_मजला

एक शंका. खुन्याने पाद्र्यापाशी कबुली दिली तर? कॅथलिक पाद्री मेला तरी सांगणार नाही हे सिनेमांतून माहीत आहे. अँग्लिकनांत काय?

टिपकागद

@सातवा_मजला, अँग्लिकनांत वैयक्तिक कबुलीची सक्ती नाही, पण सोय आहे. त्यांच्यात म्हण आहे, सगळे करू शकतात, करायलाच हवी असं कुणालाच नाही, काहींनी करावी. गुप्ततेचा नियम मात्र त्यांच्यातही पक्का आहे, १६०३ च्या धर्मनियमांतला ११३ वा. विसाव्या शतकात बाकीचे जुने नियम बदलले, ह्यातला कबुलीबद्दलचा भाग तेवढा राखून ठेवला. त्यात एक अपवाद आहे : जो गुन्हा लपवल्याबद्दल राज्याच्या कायद्याने खुद्द पाद्र्याच्याच जिवावर बेतेल, तो. म्हणजे राजद्रोहासारखी प्रकरणं. खून त्यात बसत नाही. लहान मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं बाहेर आल्यापासून ही गुप्तता तशीच ठेवावी का ह्यावर चर्चमध्ये वाद चालू आहे, आणि तो व्हायलाच हवा.

रहस्यकथेला हे फार सोयीचं पडतं. विधिवत दिलेली कबुली आणि चहा पिताना मोकळेपणाने बोललेलं, ह्यांत फरक आहे. पाद्र्यापाशी कोण कोणत्या नात्याने बोललं, ह्यावर अख्खी कथा तोलता येते.

गुरुवार_पेठ

डोरोथी सेयर्सची द नाईन टेलर्स (१९३४) अजून कुणीच कशी काढली नाही?

डिटेक्टिव्ह लॉर्ड पीटर विम्झी आहे, पाद्री नव्हे, हे मान्य. पण त्यातले रेक्टर थिओडोर व्हेनेबल्स ह्या घराण्याचे आजोबा म्हणावेत असे. सेयर्सचे वडील स्वतः फेन्सच्या त्या पाणथळ सपाट मुलखात रेक्टर होते, ती वाढली तिथेच. ३१ डिसेंबरच्या रात्री बर्फात विम्झीची गाडी खड्ड्यात जाते, विसरभोळे रेक्टर त्याला घरी आणतात, आणि घंटा वाजवणारा एक गडी तापाने पडलाय म्हणून पाहुण्यालाच दोरावर उभं करतात. सलग नऊ तास, घंटांच्या क्रमाचे १५,८४० पालट. पुढे ईस्टरला एक कबर उघडतात तर आत भलतंच प्रेत.

हे घंटांचं प्रकरण समजायला मी जरा भाग्यवान. मी पुण्यातला ख्रिस्ती, आमच्या पंचहौद मिशनच्या होली नेम चर्चच्या मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ मोठ्या घंटा आहेत. (१८९० साली टिळक-रानडे ज्या चहावरून ग्रामण्यात सापडले, ते हेच पंचहौद मिशन. ते अँग्लिकनांचं. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा इकडचे अँग्लिकन त्यात सामील झाले.) मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या घंटाही प्रसिद्ध आहेत.

इंग्लिश पद्धतीत घंटांवर चाल वाजवत नाहीत. एका घंटेला एक दोर, एका दोराला एक माणूस, आणि दर फेरीला क्रम बदलायचा, तोही ठरलेल्या नियमाने, एकदा आलेला क्रम पुन्हा येऊ न देता. आठ घंटांचे एकूण क्रम होतात ४०,३२०. कागद समोर धरायचा नाही, सगळं डोक्यात. दोर वेळेवर सोडला नाही तर माणूस उचलला जाऊ शकतो, इतकं वजन असतं वर. सेयर्सने ह्या विद्येचं गणित आणि तिचा धोका दोन्ही खुनाच्या गुंत्यात विणलेत. आणि शेवटी पूर येतो, तेव्हा सगळ्या गावाला चर्चमध्ये आसरा देऊन त्यांच्या जेवणखाणाची, गुरांची, मुलांच्या शाळेची व्यवस्था लावणारे हेच विसरभोळे व्हेनेबल्स असतात. आमच्याकडचे जुने पाळकसाहेब आठवतात मला ते वाचताना.

कोकणकडा

व्हेनेबल्स मला मान्य. रिकमन वाचलेला नाही, पिंपळपानांच्या सांगण्यावरून घेतो.

माझा मुद्दा मी थोडा वेगळ्या टोकाने मांडतो. माळरान म्हणतात की पोलिसाचं संपतं तिथे व्हिकरचं सुरू होतं. पण किती लेखक ते सुरू झालेलं काम दाखवतात? बहुतेक पुस्तकं अटकेनंतर दोन-चार पानांत आटपतात. खुन्याच्या आईकडे व्हिकर गेला, असं वाक्य येतं. तो तिथे काय बोलला, ते येत नाही. मला ते प्रकरण वाचायचंय.

माळरान

@कोकणकडा, हे मार्मिक आहे आणि बऱ्याच पुस्तकांना लागू पडतं. रन्सीच्या बाजूने एवढंच सांगते, की त्याच्या कथा एका मागोमाग एक पंचवीस वर्षं चालतात, त्यामुळे आधीच्या कथेतली माणसं सुटून जात नाहीत. हिल्डेगार्ड हेच त्याचं सर्वात मोठं उदाहरण. एका मृत्यूच्या चौकशीत भेटलेली विधवा पुढच्या सगळ्या पुस्तकांच्या केंद्राशी येते.

आणि ख्रिस्तीसारख्या काटेकोर बाईच्या पुस्तकातही एक जागा आहे. क्लेमेंट एरवी बेताचा, मवाळ उपदेश करणारा माणूस. पण खुनानंतरच्या एका रविवारी संध्याकाळी तो लिहून आणलेलं सोडून देतो आणि पाप्यांना पश्चात्तापासाठी बोलावणाऱ्या वचनावर असा काही बोलतो की त्याचं त्यालाच नवल वाटतं. समोरच्या बाकांवर खुनी बसलेला असू शकतो हे त्याला माहीत आहे. ते काम पोलिसाच्या हातून होण्यासारखं नाही. पान-दीड पानच आहे, पण मी त्यापाशी दर वेळी थांबते.

खिडकीपाशी

अमेरिकेतली एक मालिका सुचवते. ज्युलिया स्पेन्सर-फ्लेमिंगची क्लेअर फर्ग्युसन. ती एपिस्कोपल चर्चची, म्हणजे अँग्लिकन परिवाराच्या अमेरिकन शाखेची पुरोहित. आधी सैन्यात हेलिकॉप्टर चालवायची. पहिलं पुस्तक २००२ चं, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या मिलर्स किल नावाच्या थंडगार गावात घडतं. कुणीतरी चर्चच्या पायरीवर तान्हं बाळ ठेवून जातं, तिथून सुरुवात. पोलीसप्रमुख रस व्हॅन आल्स्टीन विवाहित आहे, आणि क्लेअर व तो एकमेकांकडे ओढले जातात. पुरोहिताने हे स्वतःशी कसं मान्य करायचं, हा झगडा लेखिका पुस्तकांमागून पुस्तकं चालू ठेवते, घाईने मिटवत नाही. पुस्तकांची नावं स्तोत्रांच्या ओळींतून घेतलेली आहेत.

पिंपळपान

क्लेअरला अनुमोदन. आणखी एक नाव, जे फार लोकांना माहीत नाही : डी. एम. ग्रीनवुडची थिओडोरा ब्रेथवेट. पहिलं पुस्तक १९९१ चं, एकूण नऊ. ग्रीनवुड स्वतः रॉचेस्टरच्या धर्मप्रांतात नोकरीला होती, त्यामुळे चर्चच्या कचेऱ्या, तिथलं राजकारण, बढतीसाठीची धडपड हे सगळं तिने जवळून पाहिलेलं. थिओडोरा डीकन आहे. १९८७ पासून बायकांना डीकन होता येत होतं, पुरोहित नाही. ती बाप्तिस्मा देऊ शकते, अंत्यविधी करू शकते, पण वेदीपाशी उभं राहून प्रभुभोजनाचा विधी तिच्या हातून होऊ शकत नाही. चर्चच्या आत असून दाराशी थांबवलेली बाई. अशा माणसाला सगळं दिसतं, आणि त्याच्याकडे कुणाचं फार लक्ष नसतं.

@कोकणकडा, रिकमन घ्याल तर पहिल्यापासून घ्या, मधूनच उचलू नका. मेरिली आणि जेनचं नातं पुस्तकागणिक बदलत जातं. पहिलं पुस्तक जाडजूड आहे आणि सुरुवात सावकाश आहे, तरी सोडू नका. तुम्ही मागितलेलं ते प्रकरण, अटकेनंतरचं, तुम्हाला त्याच्याकडे मिळेल असं मला वाटतं. वाचून झाल्यावर इथेच लिहा.

हिरवा_कंदील

सिडनीचं पहिलं पुस्तक मागवलं. हिल्डेगार्डसाठी.